चेंडू घेऊन निघालेली माणसं

पाऊस थांबला की मुलुंडच्या एका शाळेच्या मैदानावर ठरलेलं काम सुरू होतं. बास्केटबॉलचं कोर्ट सिमेंटचं, वर छप्पर नाही. मुली आधी वायपरने पाणी कडेच्या गटाराकडे लोटतात. मग घरून आणलेल्या जुन्या वर्तमानपत्रांचे ताव रिंगखाली आणि फ्री थ्रोच्या रेषेभोवती पसरतात, पायाने दाबतात, भिजले की उचलतात, कोरडे टाकतात. सिमेंटचा काळपटपणा ओसरून राखाडी रंग दिसायला लागला की सर बुटाचा तळवा घासून बघतात. बूट सरकला तर आणखी एक फेरी. चर्रकन आवाज आला तर शिट्टी. दीड तासाच्या सरावातला अर्धा तास यात जातो. जून ते सप्टेंबर हे असंच चालतं.

त्या मुलींमध्ये माझी भाची आहे. नववीत आहे, उंची पाच फूट नऊ इंच. दोन वर्षांपूर्वीपर्यंत वर्गात शेवटच्या बाकावर पाठ वाकवून बसायची, फोटोत गुडघे दुमडायची. आता ताठ चालते. हा बदल घरात सगळ्यात आधी ताईच्या, म्हणजे तिच्या आईच्या लक्षात आला आणि ताईला त्याचा मनापासून आनंद आहे. पण घाटकोपरहून ऑफिस सुटल्यावर लेडीज डब्यात उभ्याने येताना तिने मला फोन करून विचारलं, "खेळू दे गं. मी कुठे नको म्हणतेय? पण यातून पुढे काय?"

मला उत्तर देता आलं नाही. मी स्वतः शाळेकडून खेळले होते. अकरावीला क्लास सुरू झाले आणि खेळ सुटला. कोणी सोड म्हणालं नव्हतं, पण खेळत राहा असंही कोणी म्हणालं नव्हतं. पुढे काय, हा प्रश्न तेव्हा विचारलाच गेला नाही. ताईने तो विचारला, म्हणून मी वर्षभर त्याच्यामागे लागले. या खेळावर पोट भरणारी आपली माणसं कोण, ती कुठे कुठे गेली, किती टिकली, परत येऊन काय करतात, हे शोधत राहिले. त्या शोधाचा हा लेख.

मुंबईत या प्रश्नाचं सगळ्यात जुनं उत्तर नागपाड्यात मिळतं. मुंबई सेंट्रलला उतरून चालत गेलं की मस्तान वायएमसीए आणि नागपाडा नेबरहूड हाऊस ही दोन नावं लागतात. नेबरहूड हाऊस विसाच्या दशकात क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकी मिशनऱ्याने सुरू केलं. बास्केटबॉल जन्मालाच आला वायएमसीएच्या घरात. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने हिवाळ्यात पोरांना आत खेळता यावं म्हणून सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून टोपली दहा फुटांवर लागली. आजही रिंग तिथेच आहे, ३.०५ मीटरवर, अमेरिकेतल्या सॅक्रामेंटोत आणि मुलुंडमध्येही.

नागपाड्याच्या दाट वस्तीत या खेळाने मूळ धरलं याचं एक कारण साधं आहे: जागा कमी लागते. क्रिकेटच्या एका मैदानात बास्केटबॉलची कितीतरी कोर्ट मावतील. २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद एवढ्या तुकड्यात दहा माणसं जिवाच्या आकांताने पळू शकतात. याच गल्ल्यांतून अब्बास मुंतसिर वर आले, भारताचे कर्णधार झाले. १९७० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. खेळणं संपल्यावरही ते नागपाड्यातच राहिले आणि तिथल्या पोरांना वर्षानुवर्षं शिकवत राहिले.

त्या पिढीसाठी 'पुढे काय' याचं उत्तर एका शब्दात होतं: नोकरी. रेल्वे, कस्टम्स, बँका, पोलीस, मोठ्या कंपन्या यांचे संघ असायचे. चांगला खेळाडू दिसला की त्याला खेळाडूंच्या कोट्यातून घ्यायचे. सकाळी हजेरी, दुपारनंतर सराव, स्पर्धेच्या काळात विशेष रजा. खेळ संपला तरी नोकरी राहते आणि निवृत्तीनंतर पेन्शन. ही व्यवस्था आजही पूर्ण मोडलेली नाही. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात. आमच्या मैदानावर मुलींना सोडायला येणाऱ्या पालकांच्या बोलण्यात हे क्रीडागुण सगळ्यात जास्त ऐकू येतात. खेळाची किंमत मोजायला त्यांच्या हातात तेवढं एकच माप आहे, त्याला ते तरी काय करणार?

महिला बास्केटबॉल तर आपल्याकडे बराचसा रेल्वेनेच जगवला. राष्ट्रीय स्पर्धेत महिलांच्या गटात रेल्वेचा दबदबा वर्षानुवर्षं आहे, कारण देशातल्या चांगल्या मुलींना कायमची नोकरी द्यायला रेल्वेच पुढे आली. पुण्याची शिरीन लिमये ही तिथलीच. महाराष्ट्रात वाढलेली, रेल्वेकडून खेळणारी. जुलै २०१७ मध्ये बंगळुरूला महिलांच्या आशिया चषकाच्या 'ब' गटाच्या अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं आणि वरच्या गटात जागा मिळवली, त्या संघात शिरीन होती. त्याच संघात चेन्नईची अनिता पॉलदुराई होती. बाळंतपणानंतर पुन्हा कोर्टावर उतरलेली ही बाई, आणि तीही रेल्वेचीच. २०२१ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. शिरीन कर्णधारही झाली. २०२१ च्या अम्मानमधल्या आशिया चषकात आणि २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारतीय मुलींचं नेतृत्व एका मराठी मुलीने केलं. मी हे भाचीला सांगितलं तेव्हा तिने मला पुन्हा विचारलं, "लिमये? आपली लिमये?" टीव्हीवर तिने ते नाव कधी ऐकलंच नव्हतं. यात तिचा काही दोष नाही.

पण नोकरी करत खेळणं वेगळं आणि खेळावरच जगणं वेगळं. ज्यांना खेळावरच जगायचं होतं, त्यांना चेंडू घेऊन घराबाहेर पडावं लागलं.

या सगळ्यांत मला जवळची वाटते गीतू अॅना जोस. १९८५ चा जन्म, केरळातल्या कोट्टायम जिल्ह्याची. आधी व्हॉलीबॉल खेळायची. उंची सहा फूट दोन इंच, म्हणजे आपल्याकडे रस्त्यातून चालताना माणसं थांबून बघतात एवढी. बास्केटबॉलकडे वळली, दक्षिण रेल्वेत नोकरी लागली, भारताकडून खेळू लागली. इथपर्यंतची वाट ठरलेलीच होती. पण २००६ मध्ये ती मेलबर्नच्या रिंगवूड हॉक्स या क्लबकडून खेळायला ऑस्ट्रेलियात गेली. पुढचे हंगामही तिथे खेळली. भारतातून बाहेर जाऊन एखाद्या परदेशी क्लबसाठी खेळणारी भारतीय मुलगी तोवर कोणाला माहीत नव्हती.

तिच्या त्या काळाचा मी फार विचार करते. एकवीस वर्षांची मुलगी, परका देश, थंडी, वेगळं जेवण, वेगळं इंग्रजी. कोर्टावर उंचीने तुमच्या बरोबरीच्या आणि अंगाने दुप्पट मुली. आपल्याकडे ती सेंटर, म्हणजे रिंगच्या अगदी खाली उभी राहून खेळणारी. तिथे तिच्याच उंचीच्या मुली लांबून तीन गुणांचा चेंडू टाकतात, वेगाने ड्रिबल करत पुढे जातात. भारतात उंच मुलीला रिंगखाली उभं करून ठेवतात, तिथे तिला सगळं यावं लागतं. परत येऊन ती पुन्हा रेल्वेकडूनच खेळली.

मग २०११ मध्ये अमेरिकेतून बोलावणं आलं. शिकागो स्काय, लॉस एंजेलिस स्पार्क्स आणि सॅन अँटोनियो सिल्व्हर स्टार्स या डब्ल्यूएनबीएच्या तीन संघांनी तिला चाचणीला बोलावलं. डब्ल्यूएनबीए ही महिलांची जगातली सगळ्यात वरची लीग. आधी कोणत्याही भारतीय मुलीला तिथून बोलावणं आलं नव्हतं. निवड झाली नाही. तेव्हा ती पंचविशीत होती. शिकण्याची खरी वर्षं तिने अशा कोर्टांवर घालवली होती जिथे तिला टक्कर द्यायला तिच्या उंचीचं कोणी नव्हतं. ती कमी पडली असं मला म्हणवत नाही. ती उशिरा पोचली, आणि उशीर तिने केलेला नव्हता. २०१४ साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

सतनाम सिंगचं नाव मात्र तुम्ही ऐकलं असेल. पंजाबातल्या बरनाला जिल्ह्यातलं बल्लो के हे गाव. सतनामचे वडील बलबीर सिंग स्वतः अवाढव्य उंचीचे. त्यांनाही खेळायचं होतं, पण घरच्यांना ते शेतीत आणि पिठाच्या गिरणीत हवे होते. जे आपल्याला जमलं नाही ते मुलाला मिळावं म्हणून त्यांनी त्याला लुधियानाच्या अकादमीत पाठवलं. २०१० मध्ये देशभरातून निवडलेल्या आठ मुलांना, चार मुलगे आणि चार मुली, फ्लोरिडातल्या ब्रॅडेंटनच्या आयएमजी अकादमीची शिष्यवृत्ती मिळाली, त्यात चौदा वर्षांचा सतनाम होता. इंग्रजी येत नव्हतं, बुटाचा नंबर मिळत नव्हता. पाच वर्षांनी, जून २०१५ मध्ये, डॅलस मॅव्हरिक्सने त्याला एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या पुरुषांच्या सगळ्यात वरच्या लीगच्या, ड्राफ्टमध्ये बावन्नावा खेळाडू म्हणून घेतलं. ड्राफ्ट म्हणजे क्लबांनी ओळीने नवे खेळाडू निवडायचे. साठ नावं पुकारली जातात. सव्वाशे कोटींच्या देशातून तिथे पुकारलं गेलेलं हे पहिलं नाव.

बातम्या इथे संपल्या. मला त्यापुढचं बघायचं होतं.

पुढची दोन वर्षं तो टेक्सास लेजंड्स या डेव्हलपमेंट लीगमधल्या संघात होता. मॅव्हरिक्सकडून मुख्य हंगामातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. एनबीएतल्या नवख्यालाही तेव्हा वर्षाला पाच लाख डॉलरच्या वर मिळत. त्याच छत्राखालच्या डेव्हलपमेंट लीगमध्ये अख्ख्या हंगामाचा पगार पंचवीस-सव्वीस हजार डॉलरच्या वर जात नव्हता. बाहेरून दोन्हीकडे तोच चेंडू आणि तीच रिंग, पण मधली दरी एवढी मोठी. मग तो भारतात परतला, मग कॅनडात न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्स एज संघाकडून खेळला. नोव्हेंबर २०१९ मध्ये राष्ट्रीय संघाच्या शिबिराच्या वेळी झालेल्या उत्तेजक द्रव्य चाचणीत तो दोषी निघाला आणि 'नाडा' या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने दोन वर्षांची बंदी घातली. बंदीच्याच काळात अमेरिकेतल्या एका कुस्तीच्या कंपनीने त्याला करारबद्ध केलं. तिथे तो रिंगणात उतरला. बल्लो के, लुधियाना, ब्रॅडेंटन, डॅलस, सेंट जॉन्स, आणि शेवटी दुसराच खेळ. वयाची तिशी गाठण्याआधी एवढा प्रवास.

अमृतपाल सिंगची गोष्ट मला जास्त बळ देते. फाजिल्का भागातल्या शेतकरी घरातला मुलगा. अंगापिंडाने कबड्डीचा. अठरा-एकोणीस वर्षांचा होईस्तोवर त्याने बास्केटबॉल खेळलाच नव्हता. त्या वयात आपल्याकडे मुलं खेळ सोडतात, त्याने सुरू केला. लुधियानाची अकादमी, मग पंजाब पोलीस, मग भारताचा संघ. जुलै २०१४ मध्ये वुहानला भारताने चीनला चीनमध्येच ६५-५८ असं हरवलं, त्या संघात अमृतपाल, अमज्योत सिंग आणि विशेष भृगुवंशी हे तिघेही होते. एनबीएला याओ मिंग देणाऱ्या देशाला भारताने हरवणं म्हणजे काय हे आपल्याकडे नीट छापूनही आलं नाही. अमृतपाल आणि अमज्योत पुढे जपानच्या टोक्यो एक्सलन्स संघाकडून खेळले. २०१७-१८ च्या हंगामात सिडनी किंग्जने अमृतपालला घेतलं आणि ऑस्ट्रेलियाच्या मुख्य लीगमध्ये उतरणारा तो पहिला भारतीय झाला. त्याच सुमारास वाराणसीच्या विशेषला अॅडलेड थर्टीसिक्सर्सने सरावाच्या करारावर बोलावलं आणि अमज्योत अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटी ब्लू संघाकडे गेला. तीन मित्र, दोन खंड, आणि प्रत्येकाच्या हातात एका हंगामाचा कागद.

या कागदाकडे जरा थांबून बघायला हवं. जगभर फिरणाऱ्या बास्केटबॉलपटूचा करार साधारण एका हंगामाचा असतो. हंगाम संपला की पुढचा क्लब शोधायचा. युरोपात, आशियात, ऑस्ट्रेलियात असे शेकडो खेळाडू आहेत. अमेरिकन असतात, सर्बियन असतात, नायजेरियन असतात. दरवर्षी नवं शहर, नवा प्रशिक्षक, नवी भाषा. पण एक फरक आहे आणि माझ्या मते सगळं काही त्यातच आहे. सर्बियाचा खेळाडू तुर्कस्तानला जातो आणि तिथे नाही जमलं तर बेलग्रेडला परत येऊन आपल्या देशाच्या लीगमध्ये खेळतो, लय परत मिळवतो, पुन्हा निघतो. त्याच्या प्रवासाला घर आहे. आमचा खेळाडू परत येतो तेव्हा त्याच्यासाठी आंतरविभागीय स्पर्धा असते, राष्ट्रीय स्पर्धेचे काही दिवस असतात, आणि मधले महिने तो एकटा रिंगकडे चेंडू टाकत असतो. पुढच्या क्लबने विचारलं की गेल्या हंगामात किती सामने खेळलास, तर सांगायला आकडा नसतो.

लीग झाल्याच नाहीत असं नाही. २०१० मध्ये बास्केटबॉल महासंघाने एका मोठ्या खासगी कंपनीशी तीस वर्षांचा करार केला. लीग येणार म्हणून सगळे वाट बघत राहिले, ती आली नाही. २०१५ मध्ये यूबीए नावाची लीग सुरू झाली. त्यात मुंबई चॅलेंजर्स होते, पुणे पेशवाज होते. सतनाम, अमृतपाल यांच्या पिढीला त्यात थोडी वर्षं सामने मिळाले. २०१७ नंतर ती बंद पडली. २०१८ मध्ये तीन-तीन खेळाडूंच्या खेळाची लीग आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये महासंघाच्या पाठिंब्याने आयएनबीएल सुरू झाली, सहा शहरांचे सहा संघ, त्यात मुंबई टायटन्स. प्रत्येक वेळी नवं नाव, नवे टी-शर्ट. मुंबईच्या संघाचं नावच दर वेळी बदलत असेल, तर बोरिवलीतल्या पोराने कोणता टी-शर्ट घालून झोपायचं?

आता जुहूची गोष्ट. आमच्या उपनगरांतून जगातल्या सगळ्यात मोठ्या बास्केटबॉल लीगमध्ये सगळ्यात आत पोचलेला माणूस खेळाडू नाही.

विवेक रणदिवे यांचा जन्म १९५७ चा, वाढले जुहूला. समुद्र, वाळू, क्रिकेट, फुटबॉल. बास्केटबॉलचा संबंध नाही. एमआयटीवरचा एक माहितीपट बघून तिथेच शिकायचं असं त्यांनी ठरवलं. प्रवेश मिळाला, पण तेव्हा परकीय चलन मिळणं म्हणजे महाकर्मकठीण. हा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा रिझर्व्ह बँकेत जाऊन ठाण मांडून बसला आणि डॉलर घेऊनच उठला, ही आठवण त्यांनी अनेकदा सांगितली आहे. एमआयटी, मग हार्वर्ड, मग शेअर बाजाराची माहिती क्षणात पोचवणारं सॉफ्टवेअर, मग टिबको कंपनी. २०१० मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्समध्ये भागीदारी आणि २०१३ मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज. एनबीएच्या संघाची मुख्य मालकी असलेला हा पहिला भारतीय वंशाचा माणूस.

पण मला त्यांच्या पैशांपेक्षा त्यांनी मुलीच्या संघाला शिकवलेला खेळ जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांची मुलगी अंजली कॅलिफोर्नियातल्या रेडवूड सिटीत मुलींच्या संघात होती. रणदिवे प्रशिक्षक झाले. त्यांनी स्वतः हा खेळ कधी खेळला नव्हता, म्हणून त्यांना एक गोष्ट विचित्र वाटली. एका संघाने गोल केला की तो पळत मागे जातो आणि आपल्या रिंगजवळ उभा राहतो. समोरचा संघ सावकाश चालत अर्धं मैदान ओलांडतो. एवढं मोठं मैदान फुकट का द्यायचं? त्यांच्या संघातल्या बहुतेक मुलींना ड्रिबल धड येत नव्हतं, लांबून चेंडू टाकता येत नव्हता. मग त्यांनी ठरवलं की समोरच्यांना चेंडू आत टाकूच द्यायचा नाही. रेषेबाहेरून चेंडू आत द्यायला पाच सेकंद मिळतात. तिथेच अडवायचं. आत आलाच तर अर्धी रेषा ओलांडेस्तोवर पाठ सोडायची नाही. पूर्ण वेळ, पूर्ण कोर्टभर. ही फुल कोर्ट प्रेस खेळत ती साधी मुलींची टीम राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचली. माल्कम ग्लॅडवेलने २००९ मध्ये 'न्यू यॉर्कर'मध्ये त्यावर लिहिलं आणि ही गोष्ट जगभर गेली.

मी हे आमच्या सरांना सांगितलं. सर म्हणाले, प्रेस आम्हीही शिकवतो, पण त्याला दम लागतो. एका शनिवारी त्यांनी मुलींना तसं खेळवलं. चौथ्या मिनिटाला भाची कमरेवर हात ठेवून वाकली होती, चेहरा लालबुंद. पण त्या चार मिनिटांत समोरच्या मुलींना दोनदाच अर्धी रेषा ओलांडता आली. उंच मुलगी रेषेवर हात पसरून उभी राहिली की चेंडू आत फेकणाऱ्या मुलीला काही दिसतच नाही. पाच सेकंद संपतात, शिट्टी होते. आजवर तिला रिंगखाली उभं करत होते. त्या दिवशी पहिल्यांदा ती कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला होती. गीतूला मेलबर्नला जाऊन जे शिकावं लागलं त्याची सुरुवात इथे मुलुंडला होऊ शकते, असं मला त्या चार मिनिटांत वाटून गेलं.

रणदिवेंच्याच संघाने ऑगस्ट २०१४ मध्ये सिम भुल्लरला घेतलं. टोरांटोत जन्मलेला, पंजाबी आईवडिलांचा मुलगा, उंची सात फूट पाच इंच. एप्रिल २०१५ मध्ये दहा दिवसांच्या करारावर तो किंग्जकडून उतरला आणि भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू झाला. तीन सामने, दोन गुण. त्यानंतर काही वर्षं तो तैवानमध्ये खेळला आणि तिथे गाजला. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये किंग्जने लास व्हेगासची समर लीग जिंकली, अंतिम सामन्यात बोस्टनला १००-६७ असं हरवलं, तेव्हा संघात गुरदासपूरचा प्रिन्सपाल सिंग होता. एनबीएच्या कोणत्याही पातळीवर विजेत्या संघात असलेला तो पहिला भारतीय.

आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये रणदिवे आपला संघ मुंबईला घेऊन आले. वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सामने झाले, भारतात झालेले एनबीएचे पहिले सामने. चार तारखेच्या पहिल्या सामन्याला प्रेक्षकांत सत्तरहून अधिक शाळांतली तीन हजारांवर मुलं होती. सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सने तो १३२-१३१ असा एका गुणाने जिंकला. आपल्या घरच्या मालकाच्या संघाला मुंबईत एका गुणाने हरताना बघणाऱ्या त्या मुलांचा आवाज मला अजून आठवतो, टीव्हीवर ऐकलेला. त्या सामन्यांसाठी डोममध्ये गुळगुळीत लाकडी कोर्ट अंथरलं होतं. दोन दिवसांनी ते उचललं गेलं.

एनबीएने मुंबईत कार्यालय उघडलं त्याला आता चौदा-पंधरा वर्षं होतील. शाळांमधला त्यांचा कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. चेंडू वाटले जातात, शिबिरं होतात, शिक्षकांना शिकवलं जातं. हे सगळं चांगलं आहे आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. आमच्या मैदानावरच्या अर्ध्या मुलींना हा खेळ अशाच शिबिरांतून कळला. पण सतनाम, अमृतपाल, अमज्योत, प्रिन्सपाल या यादीकडे पाहिलं की एक गोष्ट डोळ्यांत खुपते. चौघांनाही पंजाबने घडवलं, त्यातल्या तिघांना लुधियानाच्या एकाच अकादमीने. तिथे वसतिगृह आहे, दूध-तुपाची सोय आहे, सकाळ-संध्याकाळ सराव आहे, आणि हे सगळं वर्षाचे बारा महिने. पंजाबी पोरांची उंची हे कारण सांगून आपण मोकळे होतो. उंची अंधेरीतही आहे, आमच्या घरात पाच फूट नऊ इंचाची आहे. बारा महिने कोरडं राहणारं एक कोर्ट, रोज भेटणारा प्रशिक्षक आणि दरवर्षी त्याच नावाने होणारी एक लीग, या तीन गोष्टी एका जागी आणायला लुधियानाला जे जमलं त्याचा निम्मा भागही आपल्याला जमलेला नाही. देशातली सगळ्यात श्रीमंत महानगरपालिका आपली. उपनगरांत तिची क्रीडासंकुलं आहेत, तिच्या शाळांना मैदानं आहेत. चार महिने पाऊस पडतो हे या शहराला नव्याने कळलेलं नाही. दर दोन वॉर्डांमागे एका कोर्टावर पत्रे टाका, एवढंच मागणं आहे. माटुंग्याला इंडियन जिमखाना आणि डॉन बॉस्कोच्या कोर्टांनी किती खेळाडू दिले हे मुंबईच्या बास्केटबॉलमधलं कोणीही सांगेल. तिथे कोर्ट होतं आणि ते रोज उघडं होतं, म्हणून दिले.

हे सगळं मी ताईला एकदा बसून सांगितलं. गीतूचं सांगितलं, शिरीनचं सांगितलं. रेल्वेची नोकरी, पाच टक्के आरक्षण, क्रीडागुण, एका हंगामाचे करार, बंद पडलेल्या लीग, सगळं. लपवलं काही नाही. ताईने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हणजे खात्री कशाचीच नाही." मी म्हटलं, "नाही." ती कुकरची शिटी मोजत उभी राहिली आणि विषय तिथेच राहिला.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आंतरशालेय सामना होता. दुपारी पाऊस पडून गेला होता. दोन्ही शाळांच्या मुली मिळून वर्तमानपत्रं पसरत होत्या, आमच्या मुली एका रिंगखाली, पाहुण्या दुसऱ्या रिंगखाली. सामना तासभर उशिरा सुरू झाला. दुसऱ्या क्वार्टरमध्ये मला फाटकातून ताई येताना दिसली. ऑफिसची बॅग खांद्याला, हातात डबा, स्टेशनवरून तशीच आलेली. ती यायची आहे हे मला माहीत नव्हतं. माझ्या शेजारी पायरीवर रुमाल अंथरून बसली.

भाची उजव्या बाजूने आत घुसली, ले-अप टाकला, लागला. पुढच्या वेळी डावीकडे जागा मोकळी होती, तरी ती वळून उजवीकडेच गेली आणि अडवली गेली. मग आणखी एकदा तसंच.

ताईने बॅग मांडीवरून खाली ठेवली आणि पुढे वाकून मला विचारलं, "ही डाव्या हाताने का टाकत नाही गं?"